इंका: लिपी नाही, पैसा नाही, चाक नाही, मग एवढं राज्य चाललं कशावर?

प्रश्न असा आहे की इंका लोकांकडे लिपी नव्हती, नाणी नव्हती, चाक नव्हतं, लोखंड नव्हतं, तरी त्यांनी एक कोटीच्या आसपास लोकांचं राज्य चालवलं, ते कसं, आणि त्यातलं आज काय उरलंय. प्रश्नाच्या शेवटी, हे एलियनचं काम तर नसेल ना, असंही विचारलंय, त्याच्याकडे नंतर येतो.

आधी सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, सुताचा माणूस आहे. इचलकरंजीत तीसेक वर्षं सूत घेणं, तपासणं, मागावर चढवणं हेच केलं. 2014 ला आल्पाका लोकरीचं सूत बघायला पेरूतल्या आरेकिपाला गेलो होतो, आल्पाकाचा मोठा व्यापार त्या गावातून चालतो, आणि काम संपल्यावर चार दिवस हातात होते म्हणून कुस्कोला गेलो आणि तिथं म्युझियममधल्या काचेमागचा एक अंगरखा बघून माझं डोकं फिरलं. त्यानंतर जे मिळेल ते वाचत गेलो, 2019 ला परत गेलो. त्यामुळे माझं उत्तर थोडं एकांगी आहे, सुतावरून स्वर्ग गाठतोय म्हणाल तर म्हणा, पण इंकांच्या बाबतीत सुतावरूनच बरंच काही गाठता येतं.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते राज्य दोऱ्यावर आणि माणसाच्या हातावर चाललं. आता सविस्तर.

पहिली गोष्ट, 'इंका' हे मुळात कुस्कोच्या खोऱ्यातल्या एका छोट्या जमातीचं आणि त्यांच्या राजाच्या पदाचं नाव. राज्याचं नाव होतं तावांतिन्सुयू, म्हणजे चार भाग एकत्र. कुस्को मध्यभागी, समुद्रसपाटीपासून साधारण 3,400 मीटरवर, आणि तिथून चार दिशांना चार 'सुयू'. परंपरेने 1438 मध्ये पाचाकुती गादीवर आला असं धरतात, त्याने आणि त्याच्या मुलाने, तोपा इंकाने, राज्य इतकं पसरवलं की आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंत, चार हजार किलोमीटरच्या वर लांब. आणि 1532 मध्ये स्पॅनिश लोक आले. म्हणजे हिशोब करा, जेमतेम शंभर वर्षांचा खेळ. एवढ्या वेळात कुणी सगळं शून्यातून शोधून काढत नाही. विणकाम, रस्ते, डोंगर-उतारावरची पायऱ्यांची शेती, अगदी गाठींच्या दोऱ्यासुद्धा त्यांच्या आधीच्या वारी वगैरे लोकांकडे होत्या. इंकांनी काय केलं तर हे सगळं एका सिस्टीममध्ये बसवलं. हे मुद्दाम सांगतोय कारण लोक सगळंच श्रेय इंकांना देतात आणि मग 'एवढ्या कमी वेळात कसं' म्हणून एलियन शोधायला निघतात.

आता पैसा. नाणी नव्हती, मग टॅक्स कसा घ्यायचे? कामाच्या रूपात. त्याला म्हणायचे मिता, म्हणजे पाळी. प्रत्येक घराने वर्षातले ठराविक दिवस राज्यासाठी राबायचं, कुणी शेतात, कुणी रस्त्यावर, कुणी खाणीत, कुणी सैन्यात. मूळ पद्धत गावातली होती, गाव म्हणजे त्यांचा आय्यू, भावकीच म्हणा, आणि भावकीत 'आयनी' चालायची, आज मी तुझ्या शेतात येतो उद्या तू माझ्या. आपल्याकडे सावड म्हणतात ना, सावडीनं पेरणी, सावडीनं काढणी, अगदी तेच. इंकांनी या सावडीला सरकारी रूप दिलं. बदल्यात सरकार कामाच्या दिवसांत जेवण द्यायचं, मक्याची बिअर म्हणजे चिचा पाजायचं, आणि कपडा द्यायचं.

हा कपडा नीट समजून घ्या, कारण खरी ग्यानबाची मेख इथं आहे. त्यांच्याकडे कापडाचे दोन दर्जे. एक अवास्का, जाडंभरडं, घरोघरी विणलं जाणारं. सरकारी लोकर किंवा कापूस घरात यायचा आणि घराने ठराविक कापड विणून परत द्यायचं. दुसरं कुंबी, ते राजाचं, देवाचं आणि मोठ्या सरदारांचं. सैनिकाला पगार नाही, कापड मिळतं. नवीन मुलूख जिंकला की तिथल्या सरदाराला पहिली भेट कापडाची, आणि एकदा ती अंगावर घेतली की तो मिंधा झाला. देवापुढे जाळायलाही कापडच. गोदामं अक्षरशः कापडाने भरलेली असायची, स्पॅनिश लोकांनी हे बघून तोंडात बोट घातलं असं त्यांनीच लिहून ठेवलंय, आणि इंकांचं सैन्य मागे हटताना ही गोदामं पेटवून द्यायचं, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. सोन्याचं काय हो, सोनं त्यांच्या दृष्टीने सूर्याचं, पूजेचं, शोभेचं. बाजारात घेऊन जावं अशी ती वस्तूच नव्हती.

कुंबी कसं विणायचे ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पैठणी आठवा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा काठ उलटा करून बघितला तर मागेही तसाच दिसतो, लोंबणारे धागे नाहीत, कारण नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवर असतो आणि जिथं रंग बदलतो तिथं दोन बाण्याचे (म्हणजे आडवे) धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात. कुंबीची पद्धत मुळात हीच! मधे अर्धी पृथ्वी, एकमेकांशी काडीचा संबंध नाही, एकीकडे रेशीम आणि दुसरीकडे आल्पाका, पण विणणाऱ्याच्या हाताने उत्तर तेच काढलं. कुस्कोच्या त्या काचेसमोर मी भिंग घेऊन उभा होतो (सवय, दुसरं काय) आणि धागे मोजायचा प्रयत्न केला, इंचाला शंभराच्या कितीतरी पुढे बाणा होता, डोळे दुखायला लागले तेव्हा सोडून दिलं. आणि हे सूत टकळीवर कातलेलं.

अजून एक गंमत. त्या भागात कापड कापत नाहीत. आपण थान विणतो आणि कात्री चालवतो, त्यांच्याकडे जो तुकडा हवा तेवढाच ताणा (उभे धागे) लावायचा आणि चारही बाजूंना काठ येईल असं विणायचं. विणून झालेलं कापड ही पूर्ण वस्तू, तिला कात्री लावणं त्यांना पटत नाही. शेवटच्या इंचात फणी-बिणी काही चालत नाही, सुईने एकेक धागा भरावा लागतो, ज्यांनी माग चालवलाय त्यांना कळेल हा काय वैताग आहे.

कच्चा मालही बघा. वरच्या पठारावर लामा, आल्पाका आणि विकुन्या. विकुन्या जंगली, तिची लोकर साधारण 12-13 मायक्रॉन, म्हणजे पश्मिन्यापेक्षा मऊ, आणि ती राजघराण्याबाहेर कुणी वापरायची नाही. तिला मारायचे नाहीत, शेकडो माणसं हात धरून मोठा गोल करायचे, कळप आत घ्यायचा, कातरायचं, सोडून द्यायचं. त्याला चाकू म्हणतात (आपला चाकू नव्हे), आणि आजही पेरूत तो होतो. खाली समुद्राकडे कापूस. लाल रंगासाठी निवडुंगावरचा कोचिनील किडा, एका पाउंडाला सत्तर हजारांच्या आसपास किडे लागतात म्हणतात, निळ्यासाठी नीळ. पाचशे वर्षांपूर्वीचे ते लाल रंग आजही असे आहेत की आमच्या डायहाउसवाल्याला दाखवले तर तो नोकरी सोडेल.

आता लिपी. एक कोटी लोकांचा टॅक्स कामात घ्यायचा म्हणजे कुणी किती राबलं, गोदामात किती मका आला, किती कापड गेलं याचा हिशोब हवा. तो किपूवर. किपू म्हणजे एक जाड आडवी दोरी, तिला लोंबणाऱ्या बारीक दोऱ्या, काहींना अजून पोटदोऱ्या, आणि त्यावर गाठी. 1912 मध्ये लेलँड लॉक नावाच्या अमेरिकन माणसाने दाखवलं की ही दशमान पद्धत आहे, आपल्यासारखी एकं-दहं-शतं. समजा 347 लिहायचंय. दोरीच्या वरच्या भागात तीन साध्या गाठी, ते शतक. मधे थोडी जागा सोडून चार साध्या गाठी, ते दशक. सगळ्यात खाली सात वेढ्यांची एक लांब गाठ, ते एकं. एकं स्थानाची गाठ मुद्दाम वेगळी, म्हणजे आकडा कुठं संपला ते हाताला लगेच कळतं आणि एकाच दोरीवर दोन आकडे बांधले तरी गोंधळ नाही. एक वेढ्याची लांब गाठ बांधताच येत नाही म्हणून 'एक'साठी इंग्रजी आठच्या आकाराची गाठ. आणि शून्य? तिथं रिकामी जागा सोडायची. 307 ला मधली जागा मोकळी.

आमच्याकडे गोडाउनची वही असते, तिची बेरीज खातेवहीत जाते, तिची पुढे सीएकडे. तसंच इंकांच्यात होतं याचा पुरावा लिमाजवळ पुरुचुको इथं मिळाला. एका घराच्या जमिनीखाली पुरलेले 21 किपू सापडले होते, त्यातल्या सातांचा अभ्यास करून गॅरी अर्टन आणि कॅरी ब्रेझिन यांनी 2005 मध्ये दाखवलं की खालच्या किपूंमधल्या आकड्यांची बेरीज वरच्या पातळीच्या किपूत येते, आणि तिची अजून वरच्यात. ऑडिट ट्रेल की हो! लोकसंख्याही तशीच दहाच्या पटीत विभागलेली होती, दहा घरांवर एक मुकादम, शंभरावर एक, हजारावर, दहा हजारावर. लिमाच्या दक्षिणेला इंकावासी नावाचं ठिकाण आहे तिथल्या गोदामात तर किपू चक्क शेंगदाणे, मिरची आणि शेंगांच्या बियांच्या सोबत सापडले, म्हणजे मालाशेजारीच मालाचं बिल.

हे खेळणं नव्हतं याची माझ्या आवडीची गोष्ट सांगतो. हाउहाच्या खोऱ्यातले वांका लोक इंकांवर इतके चिडून होते की त्यांनी स्पॅनिश लोकांना मदत केली, धान्य दिलं, लामा दिले, हमाल दिले. आणि जे जे दिलं ते सगळं वर्षानुवर्षं गाठींत बांधून ठेवलं. मग 1561 मध्ये लिमाच्या कोर्टात त्यांचे सरदार किपू घेऊन उभे राहिले आणि स्पॅनिशांचा म्होरक्या पिसारो आला त्या दिवसापासूनची यादी वाचून दाखवली, एवढे लामा, एवढं कापड, एवढी मडकी, आता आमचे काढा. आणि कोर्टाने ती नोंदवून घेतली. उधारी वसुलीला गेलेला कुणीही मारवाडी या लोकांपुढे हात जोडेल.

किपूत फक्त आकडे होते की गोष्टीही, हा वाद अजून चालू आहे. जगात हजाराच्या आसपास किपू शिल्लक आहेत आणि त्यातले बरेचसे दशमान नियमात बसतात, पण काही बसत नाहीत. सॅबिन हायलंड यांनी 2017 मध्ये सान हुआन दे कोयाता या गावच्या पेटीत पिढ्यान्पिढ्या जपलेले दोन किपू तपासले, ते इंकांच्या नंतरचे आहेत, त्यात रंग, प्राण्याचा केस आणि पिळाची दिशा मिळून 95 वेगवेगळी चिन्हं निघाली, गावकरी म्हणतात ही पत्रं आहेत. आणि कोणता धागा कोणत्या प्राण्याचा हे ओळखायला तिथली माणसं दोरी बोटांत फिरवतात, डोळ्यांनी नाही तर स्पर्शाने. हे वाचलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. आमच्याकडे जुने सूत तपासनीस डोळे मिटून काउंट, म्हणजे सूत किती बारीक ते, सांगायचे, पॉलिस्टर मिसळलंय का तेही सांगायचे. पिळाची दिशा तर साधी गोष्ट, टकळी उजवीकडे फिरवली की झेड पीळ (धाग्यावरचा तिरपेपणा इंग्रजी Z च्या मधल्या रेघेसारखा), डावीकडे फिरवली की एस. अँडीजमध्ये साधारण झेड कातून एस दुपदरी करतात, आणि उलट्या पिळाच्या सुताला ल्योके म्हणतात, ते वाईट नजरेपासून वाचवतं अशी समजूत. काठाला ते वापरलं की कापडाचा काठ वळतही नाही, हे मला चिंचेरो गावातल्या एका बाईने विणून दाखवलं. तर ज्या समाजात पिळाच्या दिशेलाही अर्थ आहे तिथं 'लिपी नव्हती' म्हणताना मी जरा चाचरतो. शाईची लिपी नव्हती, एवढं नक्की म्हणेन.

पुलाची गोष्ट आता. इंकांचे रस्ते तीस हजार किलोमीटरच्या वर, कपाक न्यान म्हणतात, 2014 मध्ये युनेस्कोने सहा देशांत मिळून त्यांना जागतिक वारसा केलं. चाक का नाही याचं उत्तर या रस्त्यांवर अर्धा तास चालून बघितलं की मिळतं, रस्ता कसला, जिनाच तो, पायऱ्याच पायऱ्या. बैल नाही, घोडा नाही, लामा पंचवीस-तीस किलो उचलतो आणि जास्त टाकलं तर खाली बसतो आणि थुंकतो. तिथं चाकाचं करणार काय? निरोपासाठी चास्की, म्हणजे ठराविक टप्प्यावर बसलेले धावणारे, एकाने दुसऱ्याला तोंडी निरोप आणि किपू द्यायचा, दिवसाला 240 किलोमीटरपर्यंत निरोप जायचा असा अंदाज आहे. मधल्या दऱ्या ओलांडायला दगडी कमान त्यांनी बांधली नाही. दोरखंडाचे झुलते पूल बांधले, गवताचे.

त्यातला एक अजून आहे, कुस्कोच्या दक्षिणेला आपुरिमाक नदीवर केस्वाचाका. तीसेक मीटर लांब, दरवर्षी जूनमध्ये चार गावांची माणसं मिळून तीन-चार दिवसांत नवा बांधतात आणि जुना कापून नदीत सोडून देतात. 2019 च्या जूनमध्ये मी तिथं होतो. 3,700 मीटरची उंची, श्वास लागलेला, कोकाच्या पानांचा चहा पिऊन कसाबसा उभा, आणि समोर शंभर-दीडशे बाया डोंगराच्या उतारावर बसून इचू गवत दोन तळहातांमध्ये वळतायत. हातभर लांबीचं गवत हो! त्याची बोटभर जाडीची दोरी, तशा अनेक दोऱ्या मिळून जाड दोरी, मग पुरुष मंडळी तीन-तीन घेऊन मांडीएवढा दोरखंड वेणीसारखा घालतात, खाली चार आणि हाताला दोन. परंपरेनं पुलाच्या अंगावर बाया जात नाहीत, दोरी मात्र सगळी त्यांनी वळलेली.

लोकांना वाटतं गवताचा पूल तुटेल. त्यांना सांगावंसं वाटतं की तुमच्या अंगावरचा शर्ट कसला आहे? कापसाचा एक तंतू इंच-सव्वा इंचाचा असतो, त्यापासून कित्येक किलोमीटर सूत निघतं, ते तुटत नाही कारण पीळ दिला की तंतू एकमेकांना घट्ट धरतात, आणि जितकं ओढाल तितके अजून घट्ट धरतात. गवताचा पूल आणि सुती शर्ट यांचं शास्त्र एकच. फक्त गवत सडतं, म्हणून दरवर्षी नवा. 2020 मध्ये कोविडमुळे बांधता आला नाही आणि 2021 च्या मार्चमध्ये तो खरंच तुटून पडला, मग त्याच जूनमध्ये परत बांधला. एकदाच काय तो काँक्रीटचा बांधा ना, असं माझ्या बरोबरचा एक पर्यटक म्हणाला. अहो बांधलाय ना, शेजारीच गाड्यांचा लोखंडी पूल आहे. तरी हा बांधतात, कारण बांधायला चार गावं एकत्र येतात, प्रत्येक घराने दोरी आणायची, मिता आजही जिवंत आहे ती अशी.

दगडकामाबद्दल जास्त बोलत नाही, त्यावर जगभर लिहिलंय आणि तो माझा प्रांत नाही. कुस्कोच्या वरच्या साक्सायवामान किल्ल्याचे सगळ्यात मोठे दगड शंभर टनांच्या वर आहेत, कांस्याची हत्यारं, कठीण दगडाचे हातोडे, दोरखंड आणि मितावर आलेली हजारो माणसं, याने ते झालं. खाणीत अर्धवट घडवलेले दगड आणि ओढून आणताना वाटेत पडून राहिलेले दगड आजही दिसतात, त्यांना तिथले लोक थकलेले दगड म्हणतात. एलियनचे दगड थकले नसते. 1950 च्या भूकंपात कुस्कोत सूर्यमंदिरावर बांधलेल्या स्पॅनिश मठाची पडझड झाली आणि खालची इंकांची भिंत जागची हलली नाही, एवढं सांगून पुढे जातो.

मात्र हे सगळं ऐकून 'वा, काय समाजवादी स्वर्ग' असंही समजू नका. मी पण आधी तसंच समजत होतो. कुंबी विणणाऱ्यांत एक वर्ग होता आक्या, निवडलेल्या मुली. दहाएक वर्षांच्या मुली गावातून उचलून सरकारी घरात ठेवायच्या, तिथं त्या जन्मभर कातायच्या, विणायच्या, चिचा बनवायच्या, आणि राजाला वाटलं तर कुणा सरदाराला बक्षीस म्हणून दिल्या जायच्या. बंड करणाऱ्या जमातींना उचलून हजार किलोमीटरवर नेऊन वसवायचे. आणि काही मुलांना पर्वताच्या शिखरावर बळी द्यायचे. 1999 मध्ये अर्जेंटिनाच्या सीमेवर युयायाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, 6,700 मीटरच्या वर, तीन मुलांचे बर्फात टिकलेले देह मिळाले, ते आता साल्ता शहरातल्या म्युझियममध्ये आहेत. त्यांच्याबरोबर बोटभर उंचीच्या मूर्ती होत्या आणि त्या मूर्तींना विणलेले इवलेसे कपडे घातलेले, चारही बाजूंना काठ असलेले. ते फोटो मी एकदाच बघितले.

वांका लोक स्पॅनिशांना का मिळाले हे आता कळेल. म्हणजे 168 स्पॅनिशांनी साम्राज्य जिंकलं ही जी गोष्ट सांगतात ती अर्धीच आहे. आधी बहुधा देवीची साथ आली, त्यात 1527 च्या सुमारास राजा वाय्ना कापाक गेला, मग त्याच्या दोन मुलांत, वास्कार आणि आतावाल्पा, भाऊबंदकीचं युद्ध पेटलं, आतावाल्पा जिंकला आणि तो काहामार्काला विश्रांती घेत असताना 16 नोव्हेंबर 1532 ला पिसारोने त्याला भेटीला बोलावून पकडलं. सुटकेसाठी एक खोली सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून दिली, तरी 1533 मध्ये मारलाच. नंतर स्थानिक हजारोंच्या मदतीने कुस्को घेतलं. 1536 मध्ये आतावाल्पाचा भाऊ मांको इंका याने कुस्कोला वेढा घातला तेव्हा त्याच्या माणसांनी तापवून लाल केलेले दगड कापसात गुंडाळून गोफणीने गवती छपरांवर फेकले आणि शहर पेटवलं, बघा, तिथंही कापूस आणि विणलेली गोफण. शेवटचा इंका तुपाक आमारू 1572 मध्ये मारला गेला.

आणि मग दोऱ्यावर संक्रांत आली. 1583 च्या लिमाच्या धर्मसभेने किपूंना मूर्तिपूजेचं साधन ठरवून नष्ट करायला सांगितलं. दोनशे वर्षांनी त्याच शेवटच्या इंकाचं नाव घेतलेल्या दुसऱ्या तुपाक आमारूचं बंड झालं, ते मोडल्यावर 1781 मध्ये इंका पद्धतीचे कपडे घालायलाच बंदी! बंड चिरडायचं तर आधी कापड काढून घ्या, एवढं त्या स्पॅनिश अधिकाऱ्यांनाही कळलं होतं.

आज काय उरलंय? क्वेचुआ भाषा 80 लाखांच्या आसपास लोक बोलतात, पेरूने 1975 मध्ये तिला अधिकृत दर्जा दिला. विणकाम उरलंय, कुस्कोजवळ चिंचेरोला बायका अजून पाठीला पट्टा बांधून विणतात, तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर पुरुष चालता चालता टोप्या विणतात. आणि आपल्यापर्यंत काय आलं? इंकांकडे बटाट्याला 'पापा' म्हणतात, आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनी आणला आणि त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरून उचलला, पण कंद अँडीजचा. त्याला रात्री थंडीत गोठवायचं, दिवसा पायाने तुडवून पाणी काढायचं आणि वाळवायचं, की झाला चुन्यो, वर्षानुवर्षं टिकतो, इंकांची गोदामं त्यानेही भरलेली असायची. चवीला, खरं सांगतो, ओल्या खडूसारखा लागतो. शेंगदाणा, मिरची, बटाटा, साबुदाण्याचा कंद हे सगळं मूळ अमेरिका खंडातलं, म्हणजे एकादशीची खिचडी ताटात घेताना जरा पश्चिमेकडे बघून हात जोडायला हरकत नाही, राजगिऱ्याचा भाऊ किविचाही तिकडचाच.

माझ्यासाठी मात्र सगळ्यात मोठी देणगी कापसाची. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा. लांब धाग्याची ती जात, बार्बाडेन्स, दक्षिण अमेरिकेच्या त्याच किनाऱ्याकडच्या भागातली, तिच्यातूनच इजिप्शियन कापूस झाला, पिमा झाला, आणि आपल्याकडे कोइमतूरला तयार होऊन 1974 मध्ये आलेला सुविनही तिचाच. सुविनचं 120 काउंटचं सूत मी आयुष्यभर हाताळलं आणि ते मूळचं कुठलं हे मला वयाच्या पन्नाशीत, पेरूत जाऊन कळलं.

जाणार असाल तर दोन सूचना. कुस्कोला उतरल्यावर पहिला दिवस गप पडून राहा, धावपळ करू नका. आणि 'बेबी आल्पाका' म्हणून रस्त्यावर दहा-पंधरा डॉलरला जी शाल मिळते ती घेताना एक धागा मागून घ्या आणि काडी लावा. केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरगळली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. मी काडी न लावता एक घेतली होती, तीस वर्षं सुतात घालवून. ती मणी निघाली. चिंचेरोच्या त्या बाईला दाखवली तर तिने एक धागा काढला, बोटांत उलटा फिरवून पीळ सोडवला, आणि काही न बोलता तिची टकळी माझ्या हातात दिली. अर्ध्या तासात मी जे कातलं ते बघून ती आणि तिची सासू पाच मिनिटं हसत होत्या.